ऑगीनं डेट्रॉईट निवडलं

शिकागो, मार्च

प्रिय आईला रेनाचा गोड पापा.

मी खुशाल आहे, खोकलाही गेला. तू विणलेले मोजे रोज घालते.

काल दुपारी हॉटेलात मी वाढत होते, त्याच टेबलावर बर्फावरच्या हॉकीचे वेडे, आमची रोजची गिऱ्हाइकं, आपल्या ऑगीवरून भांडत होते. अठराव्या वर्षी संघ पोरांवर हक्क नोंदवतात, तेव्हा त्याला एकाही संघानं घेतलं नाही, म्हणूनच आज कॉलेज संपताना तो कुणाशीही करार करायला मोकळा आहे.

"पोरगा शिकागोलाच येणार, लिहून घे!" डोनेली ओरडले.

"येतोय कशाला! बॉस्टनवाले त्याला पहिल्या दिवसापासून खेळवतील," थेल्माबाई म्हणाल्या.

आई, ज्याला तेव्हा कुणी विचारलं नाही, त्याच्यासाठी परकी माणसं घसा फोडत होती. सूप ठेवताना माझे डोळेच भरून आले.

"काय गं, काय झालं?" थेल्माबाईंनी विचारलं.

"तो माझा भाऊ आहे."

तेवढ्यात त्याचाच फोन आला. म्हणाला, डेट्रॉईटला जातोय! तिथं तुला घरून गाडीनं खेळ बघायला येता येईल, म्हणून.

मी सांगितल्यावर डोनेलींनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "आईसाठी गेला ना? मग माफ. पण आमच्यावर गोल मारलास तर शिव्या खाशील, सांग त्याला."

बाबा गेल्यावर ज्या शेजाऱ्यांनी त्याला पहाटे सरावाला नेलं, त्यांना आधी कळव. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

आणि डोळ्यांचं ऑपरेशन आता पुढं ढकलू नकोस. बर्फावर तो फार वेगानं पळतो.

तुझीच लाडकी,
रेना