लाखेवर स्पिरिट

नाना, काल मुलाने विचारलं, या सगळ्या रेकॉर्ड्स एकदा कॉम्प्युटरवर चढवून घेऊ आणि मग कुणाला तरी देऊन टाकू का. सर्जापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी अडवली आहे, तेव्हा त्याचं म्हणणं काही चूक नाही. मी नाही म्हटलं. मी आहे तोवर यातली एकही हलणार नाही, असं इतकं ठासून सांगितलं की सूनबाई चहाचा कप घेऊन आत निघून गेली. मग वाटलं, त्या बिचाऱ्यांवर कशाला डाफरायचं, ज्यांच्याशी बोलायचं होतं ते तर राहूनच गेलंय. तुम्हाला जाऊन साठाच्या वर वर्षं झाली, त्यामुळे उशीर झाला वगैरे म्हणत बसत नाही. सरळ सांगते.

आपण राजाजीनगरला राहायला आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. गल्लीत खेळता खेळता मी कन्नड उचललं. तुम्ही पुण्याहून कारखान्यात इंजिनियर म्हणून आलात आणि अखेरपर्यंत ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, या दोनच शब्दांवर भागवलंत. आई म्हणायची, यांना मशीनची भाषा कळते, माणसांची मुलगी सांगते. दर रविवारी सकाळी तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून यशवंतपूरला न्यायचात. तिथे स्टेशनमागे एका म्हाताऱ्याचं जुन्या सामानाचं दुकान होतं आणि त्याच्याकडे मोडलेल्या घरांतून रेकॉर्ड्स यायच्या. तुमचा नियमच होता, नुसती रेकॉर्ड घ्यायची नाही, तिची हकीकतही घ्यायची. कुणाच्या घरातली, कोण गायलंय, घरात ती कधी वाजायची, का विकली. मी कन्नडमध्ये विचारायची, म्हातारा सांगायचा, मी मराठीत सांगायची आणि तुम्ही पेन्सिलीने ते पाकिटावर लिहायचात. एका पाकिटावर अजून तुमच्या अक्षरात आहे, ‘गाणाऱ्याला त्या दिवशी ताप होता, तरी गायला.’ खरं असेल की म्हाताऱ्याची थाप, देव जाणे.

पण तुम्हाला हवी होती ती एकच. आजीची, म्हणजे तुमच्या आईची. तुम्ही चार वर्षांचे असताना ती गेली, तिचा आवाज तुम्हाला आठवत नव्हता. लग्नाआधी तिने दोन पदं रेकॉर्डवर गायली होती. घरंदाज मुलीने असं गायलं म्हणून तेव्हा लोक काय वाटेल ते बोलले असते, म्हणून नावाच्या जागी नुसतं ‘हौशी गायिका’ छापलेलं. ती गेल्यावर आजोबांनी घरातली प्रत कुणाला तरी देऊन टाकली आणि तो विषयच बंद केला. तुमच्या मामांनी एका पत्रात रेकॉर्डचा नंबर कळवला होता, तो तुम्हाला पाठ होता. मलाही. शाळेतले पाढे चुकायचे, तो नंबर कधी चुकला नाही.

मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही ढिगातून एक रेकॉर्ड काढता, उजेडात धरता आणि तुमचा हात थांबतो. मधल्या गोल कागदावर तोच नंबर. मीच आनंदाने म्हाताऱ्याला सांगून टाकते, ही आमच्या आजीची आहे, हिच्यात आमची आजी गाते. म्हातारा हात जोडतो. तुम्ही विचारता, काय सांगितलंस त्याला? मी सांगते. आणि तुमचा चेहरा असा होतो की मी दोन पावलं मागे सरकते. घरातली गोष्ट बाजारात सांगायला तुला कुणी सांगितलं होतं, मी विचारलं तेवढंच बोलायचं, वर एक अक्षर नाही. दुकानात चार माणसं होती. मराठी कुणाला कळत नव्हती, पण बोलणी खाल्लेली कोणत्याही भाषेत कळतात.

निघताना म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, बाळा, वडिलांना सांग, ही लाखेची आहे, फार मळली आहे पण हिला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. ओल्या फडक्याने पुसा, बस. मला शब्द न् शब्द कळला. तुम्ही सायकलला हात घालत विचारलंत, “काय म्हणतो?”

मी म्हटलं, “काही नाही.”

घरी आल्यावर तुम्ही ती तशी वाजवली नाहीत. धुळीने रेघा पडतात म्हणालात. कारखान्यात प्रत्येक सुटा भाग स्पिरिटने पुसायची तुमची सवय, घरातली कुलपंसुद्धा तुम्ही स्पिरिटने पुसायचात. बाटली आली, कापूस आला. मी दाराशी उभी. खोटं कशाला बोलू, मला वाटलं नानांना सगळं कळतं, म्हातारा उगाच बोलत असेल. आणि आत कुठेतरी असंही वाटलं, होऊ दे थोडी खराब, मग कळेल मला ओरडल्यावर काय होतं ते. कापूस काळा झाला, तुम्ही खूश झालात, मळ निघतोय म्हणून आणखी दाबून पुसलंत, दोन्ही बाजूंनी. मग फोनोला चावी दिलीत, नवी सुई लावलीत. नुसती खरखर आली. तुम्ही रेकॉर्ड उलटलीत, पुन्हा खरखर. आई पिठाच्या हातांनी बाहेर येऊन उभी राहिली. तुम्ही बोटाने त्या गुळगुळीत झालेल्या जागा चाचपत राहिलात आणि आईला म्हणालात, माझीच चूक, शिकल्यासवरल्या माणसाला एवढं कळू नये. मला फक्त म्हणालात, “पुन्हा शोधू.”

आणि आपण शोधली, नाना, सहा वर्षं. एक रविवार चुकला नाही. प्रत्येक दुकानात बोलणं झालं की तुम्ही विचारायचात, काय म्हणाला, सगळं सांग. मी सगळं सांगायची. समोरचा खोकला असता तर तेही सांगितलं असतं. मनाशी ठरवलं होतं, दुसरी प्रत सापडली की ती तुमच्या हातात ठेवायची आणि तेव्हाच कबूल करायचं. रिकाम्या हाताने कबूल करायची माझी छाती नव्हती. तुम्ही त्याआधीच गेलात. मी सतरा वर्षांची होते.

तेरावं झालं आणि मी म्हाताऱ्याला कळवायला यशवंतपूरला गेले. त्याने मला बसायला स्टूल पुढे केलं. मग म्हणाला, आता सांगायला हरकत नाही. रेकॉर्ड खराब झाली त्याच आठवड्यात तुम्ही कारखान्यातल्या एका कन्नड माणसाला घेऊन त्याच्याकडे गेला होतात. स्पिरिटने असं का झालं, विचारायला. तो म्हणाला होता, पण मी तर तुमच्या मुलीला बजावून सांगितलं होतं. त्या माणसाने ते तुम्हाला समजावलं. तुम्ही तिथल्या स्टुलावर बसलात, पाणी मागितलंत, आणि त्या माणसाकरवी म्हाताऱ्याला एवढंच सांगितलंत की मी इथे येऊन गेलो हे मुलीला कधी कळू देऊ नका. पुढच्या रविवारी पुन्हा मला सायकलवर बसवून आणलंत.

मग मी हट्टालाच पेटले. नोकरी लागली, लग्नाची बोलणी सुरू झाली, तरी रविवार सोडला नाही. तीन वर्षांनी इथल्याच एका जुन्या मराठी घरात सापडली. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, माणसं निम्मं कन्नड बोलणारी. तिथल्या अक्का म्हणाल्या, आमचा फोनो मोडलाय, तूच घेऊन जा. मी ती ओल्या फडक्याने पुसली, तीनदा, आणि वाजवली. आई उभ्यानेच ऐकत होती. आजीचा आवाज बारीक आहे, नाना. सुरुवातीला चक्क घाबरलेली वाटते, मग मोकळी होते, आणि शेवटी तीन मिनिटांत संपवायचं म्हणून धावत सुटते. गोड गाते. तुम्हाला आवडली असती.

हे वाचायला तुम्ही नाही, आणि असतात तरी मी हे तुमच्या हातात दिलं असतं की नाही, सांगता येत नाही. माफी मागायला बसले होते, ती मागते. पण एक गोष्ट मी कुणाला बोललेले नाही. म्हाताऱ्याने सांगितलं तेव्हा मला रडू आलं नाही, तुमचा राग आला. एकदा कानाखाली वाजवली असतीत तर सहा वर्षं माझ्या घशात अडकलेलं त्याच दिवशी सुटलं असतं. तुम्ही दोघींचं गुपित सांभाळलंत, आजीचं आणि माझं, आणि मला बोलायची एक संधी दिली नाहीत. तो राग अजून गेलेला नाही.