फडताळाच्या दोन किल्ल्या

८ नोव्हेंबर

धाकटा उद्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येणार. आणि आईचं एकच पालुपद — औषध घरातून काढ.

कुठं काढू? दुखणं काय घड्याळ बघून येतं? डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय, आता गाठीवर इलाज नाही, आईला दुखू नये एवढंच बघायचं. त्यासाठी हे पातळ औषध. अफूच्या जातीचं. म्हणजे धाकट्याने ज्या पावडरीपायी स्वतःचा सत्यानाश करून घेतला, तिचंच सख्खं भावंड. ते मी भिंतीतल्या फडताळात उघड्यावर ठेवायचं आणि त्याला म्हणायचं, ये, बस, पाणी घे!

आई म्हणाली, "मी सोसेन ग. पण त्याच्या नजरेसमोर नको." मी म्हटलं, सोसायची हौस आहे का? त्यावरून भांडण. शेवटी बाटली माझ्या ट्रंकेत ठेवली, शाळेच्या गणवेशांच्या कापडाखाली.

९ नोव्हेंबर

आला. सदरा अंगावर लोंबतोय. पण हाताला कंप नाही, हे मी आधी बघितलं.

समोरची किराणावाली दारात आली, त्याला न्याहाळलं, आत गेली आणि कडी घातली. अगदी आवाज करून. या गावातली निम्मी कुलपं त्याच्या हातची. आणि पुढे रात्री जाऊन त्यातलीच काही त्याने उघडली, हेही गावाला पाठ आहे. त्याला त्या कडीचा अर्थ कळणार नाही का? पिशवी खाली ठेवत म्हणाला, "ताई, तिची कडी सैल झालीय. खिळा बदलायला हवा." मी हसले. किती दिवसांनी हसले, देव जाणे.

आई रडली नाही. त्याचा हात धरून नुसती पडून राहिली.

१३ नोव्हेंबर

आईला संध्याकाळचा चमचा दिला. घशाखाली उतरेपर्यंत तिचं तोंड असं वाकडं होतं की बघवत नाही. "जहर आहे जहर," म्हणते आणि साखरेला हात पुढे करते. मी म्हणायचे, म्हातारपणी नखरे वाढलेत.

मग मशीनवर बसले, सुईत ओवायला दोऱ्याचं टोक ओठांत धरलं — अरे देवा! बोटाला थेंब लागला असणार. जीभ कडूजहर झाली. दोनदा चूळ भरली, जेवणाची चव गेली. आईचे नखरे नव्हेत ते. यापुढे चमचा दिला की आधी साबणाने हात, मग मशीन.

१६ नोव्हेंबर

धाकटा स्वतःहून म्हणाला, "औषध ट्रंकेत आहे ना?"

मी ट्रंकेकडे बघितलं. तो म्हणाला, "मी हात लावलेला नाही. पण तू ट्रंकेकडे जाताना आधी माझ्याकडे बघतेस. ताई, ही जागा बरोबर नाही. मी फडताळाला कुलूप करतो. दोन किल्ल्यांचं. एक तुझ्याकडे, एक बाहेरच्या माणसाकडे. दोन्ही लागल्याशिवाय उघडणार नाही. मला जरी वाटलं, तरी."

हे बोलताना तो खाली बघत होता. वरण तापत होतं, ते उतू गेलं.

२१ नोव्हेंबर

कुलूप बसलं. पितळी, तळहाताएवढं, वजनदार. चार दिवस अंगणात कानशीने घासत बसला होता. त्याचे जुने हात परत आल्यासारखे वाटले. शेजारपाजारचे कुंपणाशी उभं राहून बघत होते, आधी लांबून, मग जवळून.

दुसरी किल्ली पलीकडच्या मास्तरीणबाईंकडे. त्यांनी ती चष्म्याच्या दोरीला बांधलीय. सकाळ-संध्याकाळ येतात, आपली किल्ली लावतात, मी माझी लावते, चमचा होतो, पुन्हा बंद. वर्गावर आल्यासारख्या येतात. आज धाकट्याला म्हणाल्या, "नखं काप." त्याने कापलीसुद्धा.

दवाखान्याची सिस्टर सोमवारी येते, तिने बाटलीवर पेनाने रेघ मारली. दर वेळी मारणार. किती उरलं ते रेघेवरून कळेल. मी म्हटलं, आता मुंगीही शिरणार नाही.

२५ नोव्हेंबर

मास्तरीणबाईंच्या तोंडाला मात्र कुलूप नाही! सगळ्या गावाला कळलं. पण कळलं ते बरंच झालं. बेकरीवाला आला होता — तोच, ज्याचं दुकान धाकट्याने फोडलं होतं. दारातच उभा राहिला. म्हणाला, "शटरचं कुलूप अडकतंय. बघतोस का?" धाकटा हत्यारं घेऊन त्याच्या मागे गेला. येताना हातात ताजा पाव. कागदात गुंडाळलेला, गरम. आईने एक घास खाल्ला.

स्वतःसाठी कुलूप करणारा माणूस, असं म्हणतात आता त्याला. आज पाणी भरताना किराणावाली आपणहून बोलली. मान ताठ करून परत आले. मला अभिमान वाटतोय, लिहून ठेवते.

४ डिसेंबर

गुरुवार. दुपारी सलूनवाला दुकान बंद करून नशा सोडलेल्यांची बैठक घेतो. तो स्वतः यातून बाहेर पडलेला. खुर्च्या आरशांकडे पाठ करून मांडतो — म्हणतो, आधी एकमेकांची तोंडं बघा, मग स्वतःचं. आज घरच्यांनाही बोलावलं होतं.

मी कुलपाचं कौतुक सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सलूनवाला तेवढा वस्तरा पुसत राहिला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुलूप छान आहे. पण तू त्याला विचारतेस का कधी? सरळ, तोंडावर?"

"काय विचारू?"

"हेच. की आज घेतलंस का?"

मला राग आला. पोर धडपडून उभं राहतंय, आणि याने रोज पायाखालची जमीन उकरायची? म्हटलं, आमच्याकडे त्याची गरज नाही.

११ डिसेंबर

आईचं दुखणं वाढलं. दुपारभर कण्हत होती. धाकटा पाय चेपत बसला, तिने त्याला उठूच दिलं नाही.

१५ डिसेंबर

सिस्टरने बाटली उजेडात धरून बघितली. रेघेशी रेघ जुळतेय, थेंब इकडेतिकडे नाही. म्हणजे औषध जातंय पोटात, तरी दुखतंय. म्हणाली, आजार पुढे सरकला असेल. डॉक्टरांनी चमचा वाढवला. बाटली लवकर संपणार, नवी मागवलीय.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "पोराकडे लक्ष आहे ना तुझं?" मी फटकारलं. कुलूप तुमच्या डोळ्यांसमोर उघडतं, रेघ सिस्टर मारते, अजून काय हवं? त्याच्या कपाळावर शिक्का मारायचाय का? बाईंनी किल्ली लावली, काम केलं, गेल्या. मला नंतर वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

१८ डिसेंबर

नवी बाटली आली. आज आई शांत झोपली. उठून चक्क म्हणाली, केस विंचरून दे. विंचरताना धाकट्याच्या लहानपणीचं बोलत होती — आजोबांच्या घड्याळाचे तुकडे करून पुन्हा जोडायचा, एक चाक उरायचं, तरी घड्याळ चालायचं. दोघी हसलो. धाकटा दारात उभा होता, तो नाही हसला. थकलाय बिचारा.

२० डिसेंबर

पुन्हा तेच. एकच दिवस उतार मिळाला. नव्या बाटलीवर आईची श्रद्धा, दुसरं काय? मनाचा खेळ.

पण आजचं कण्हणं मनाचं नव्हतं. उशीचा कोपरा दातांत धरला होता. मला बघून सोडला. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ, तिथे सुईतून देतील. तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "कुठे नेऊ नकोस. पोराला घरात एकटं ठेवू नकोस." म्हटलं, तो आता बरा आहे, आई. तिने डोळे मिटून घेतले.

२३ डिसेंबर

आईला ओरडताना आज पहिल्यांदा ऐकलं. जनावरासारखं. गणवेशाचं कापड तसंच मशीनमध्ये टाकून धावले. धाकटा आधीच तिथे होता, भिंतीशी उकिडवा बसून, दोन्ही कानांवर हात. मी त्याला उठवलं, म्हटलं, जा, मास्तरीणबाईंना बोलाव. पळत गेला.

जास्तीचा चमचा दिला. आईने तोंड वाकडं केलं, साखर घेतली. तासाभराने थकून झोपली. औषधाने नव्हे, थकून.

धाकटा जेवला नाही. म्हणाला, "ताई, मी परत केंद्रात जाऊ का?" मी म्हटलं, वेडा आहेस का? आई अशी असताना? आता कुठे गाव तुला माणसात घेतंय. तो काहीतरी सांगणार होता असं वाटलं. तेवढ्यात बेकरीवाल्याचा माणूस कुलूप घेऊन आला, आणि राहिलं.

२६ डिसेंबर

सकाळचा चमचा झाला. शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचेत, मास्तरीणबाईंशी अर्धवट बोलत तशीच मशीनवर येऊन बसले. सुईतला दोरा निघालेला. टोक ओठांत धरलं, ओवलं, शिवण घालायला लागले.

बाहीपर्यंत आले आणि थांबले.

हात धुतले नव्हते. बोटं ओली होती, चमचा सांडला होता बोटांवर. एकेक बोट चाटून बघितलं. काही नाही. आईच्या खोलीत गेले, चमच्याच्या तळाशी उरलेला थेंब जिभेवर घेतला.

पाणी. आपल्या नळाचं, त्याला ती गंजाची चव असते ना, तेवढीच.

परत येऊन बसले. मशीनचं चाक हातात धरून बसले. अंगणातून कानशीचा आवाज येत होता. रेघ बघत होतो आम्ही सगळे! सिस्टर, बाई, मी. रेघेखाली काय आहे ते कुणीच बघितलं नाही. आणि कुलूप कुणाच्या हातचं, हेही नाही. माझ्या आईला मी महिनाभर चमच्याने पाणी पाजलं.

उठून त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. कानस हिसकावून घ्यावीशी वाटली. गेले नाही. आणि एक गोष्ट मनातून हलेना. आई रोज तोंड कशाला वाकडं करत होती?

२६ डिसेंबर, संध्याकाळ

मास्तरीणबाई आल्या. दोन्ही किल्ल्या लावल्या. धाकटा आईच्या उशाशी उभा होता, आईने त्याचं बोट धरलं होतं. मी चमचा भरला. तिच्या डोळ्यांत बघत विचारलं, "आई, कडू लागतं का ग?"

तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग चमचा गिळला, तोंड वाकडं केलं, म्हणाली, "जहर आहे नुसतं," आणि साखरेसाठी हात पुढे केला.