मालमत्ता, टंकयंत्र आणि इग्नेशियसचा हेतू

मी, दिगंबर वासुदेव आठल्ये, वय वर्षे त्रेपन्न, मूळ गाव देवरुख, जिल्हा रत्नागिरी, गेली एकवीस वर्षे मस्कतमध्ये नोकरीस आणि तिथूनच गावाकडच्या एका साप्ताहिकाला वार्तापत्र लिहिणारा, हल्ली राहणार माबेला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. येत्या मंगळवारी मुंबईत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. हृदय त्यांचे नाही, म्हणून किरकोळ. माझी बुद्धी शाबूत आहे. मन शुद्ध आहे की नाही, हे कलम ५ वाचून ज्याचे त्याने ठरवावे.

कलम १. देवरुखच्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि माझ्या नावे जे काही निघेल ते पत्नी सौ. वृंदा हिचे. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी; जिवंतपणी माझी पाहिलीच आहे. घराचा उरलेला अर्धा हिस्सा थोरल्या बंधूंचा आहे. त्यांनी माझ्या अर्ध्यात आपली स्कूटर लावणे बंद करावे.

कलम २. संस्कृत ग्रंथ, दोन पेट्या, मुलगी ऋतुजा हिला. ती म्हणते, "बाबा, मला वाचता नाही येणार, पण मी कीप करीन." एवढे पुरे. पाठशाळेत नऊ वर्षे घालवून मी बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर झालो, तेव्हा उपयोगाचा प्रश्न निदान मी तरी विचारू नये.

कलम ३. मराठी टंकयंत्र वृंदाला योग्य वाटेल त्या व्यक्तीस द्यावे. मराठी स्नेहवर्धक मंडळ, मस्कत, यांस मात्र देऊ नये. मंडळाने ते १९९८च्या गणेशोत्सवात नेले आणि 'ळ' मोडून परत आणले.

कलम ४. मंडळाने माझी शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर विद्यमान अध्यक्षांनी तीन मिनिटांत आवरावे.

कलम ५. आता ज्यासाठी एवढा कागद घेतला ते.

इग्नेशियस तुस्कानो हा वसईचा, माझ्याच कंपनीत सर्वेअर. पहिली काही वर्षे तो भयंकर प्यायचा. त्याच्या बायकोने, ग्रेसने, दोनदा बॅग भरली होती. मग तो एका अमेरिकन सहकाऱ्याच्या घरी जाऊ-येऊ लागला आणि १९९४च्या रजेत बंगळूरला जाऊन मॉर्मन, म्हणजे त्या सहकाऱ्याच्या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचा, झाला. दारू सुटली. त्या धर्मात चहा-कॉफीही वर्ज्य, म्हणून तीही गेली. ग्रेस रुवीच्या चर्चमध्येच जात राहिली. मला म्हणाली, "भाऊजी, ह्याला दारू सोडायला चर्च सोडावं लागलं. मला काय, नवरा शुद्धीवर घरी येतो." ही गोष्ट आम्हा तिघांतच होती, कारण वसईला त्याची आई होती, रोज चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाणारी. "आईला मी सांगेन, माझ्या वेळेला. तू लिहू नकोस, दिगू." त्याने माझ्याकडे मागितले ते एवढेच.

२००१ साली तो मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. कारण मला ठाऊक होते. त्याआधी दोन वर्षे, मस्कतजवळच्या बरक्याला अलीमियाँ नावाचा आपल्या रत्नागिरीकडचा ड्रायव्हर वारला. मृतदेह गावी पाठवायच्या कागदांवर पुढे होऊन सही करणारे कोणी नव्हते, म्हणून एकोणीस दिवस शवागारात पडून राहिला. मंडळ म्हणाले, तो सभासद नव्हता. तो होऊच शकत नव्हता. ज्याचे कुटुंब इथे आहे त्यालाच सभासद करावे, असा आमच्या घटनेत नियम आहे. इग्नेशियसला तो नियम काढायचा होता. मी विचारले, "आणि खुर्ची नकोय?" तो हसला. "हवीय ना. हार घालून घ्यायला कुणाला नाही आवडत? पण हारवाल्याची सही चालते, दिगू. माझी आत्ता कोण विचारतो?"

प्रचारासाठी तो घरोघर गेला आणि घरोघर चहाला नाही म्हणाला. 'पित्त होतं' म्हणायचा. आपल्याकडे कोण कोणाच्या हातचे घेत नसे, हे लोक विसरलेले नाहीत. माझ्या आजोबांनीच अर्ध्या देवरुखाला तसे दुखावले होते. आठ दिवसांत माबेलापासून मत्रहपर्यंत बोलणे सुरू झाले: "आमच्या घरचा चहा चालत नाही, आणि आमची मतं चालतात?"

मी लेख लिहायला बसलो तो हे निस्तरायला. शपथेवर सांगतो, निस्तरायलाच. त्यासाठी त्याचा धर्म सांगावा लागला, तो त्याला न विचारता सांगितला. आणि मग एक वाक्य सुचले: 'ज्याने देव बदलला, त्याला मंडळाची घटना बदलायला कितीसा वेळ?' वाक्य झकास होते. खोडवेना. मग त्या वाक्याला शोभतील अशा, त्याने धर्म का बदलला याच्या तीन शंका जोडल्या: साहेबाची मर्जी, दूतावासातल्या मेजवान्या, अमेरिकेचा व्हिसा. पाठशाळेत अनुमान शिकलो होतो: डोंगरावर धूर दिसतो, तेव्हा तिथे अग्नी असला पाहिजे. इथे धूरही मीच केला होता.

अकरा मतांनी तो पडला. कोणीतरी ते कात्रण वसईला पोचवले; आईने वर्षभर त्याचा फोन घेतला नाही. माझ्याशी तो भांडला नाही. "छान लिहिलंस," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना माझ्या गाडीत बसेनासा झाला. पाऊण तासाचा रस्ता मी सहा वर्षे एकटा कापतो आहे.

खुलासा तीनदा पाठवला. संपादकांचे उत्तर: "आठल्ये, खुलासा कोण वाचतं हो? काहीतरी चुरचुरीत पाठवा."

परवा, शुक्रवारी, पुन्हा निवडणूक आहे. इग्नेशियस पुन्हा उभा आहे आणि माझ्या त्याच लेखाच्या झेरॉक्स वाटल्या जात आहेत. यंदा अमेरिकेतही एक मॉर्मन गृहस्थ राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाल्यामुळे मंडळात ज्याला त्याला त्या धर्मातले, पूर्वीच्या बहुपत्नीत्वासकट, सगळे कळू लागले आहे. भाजी घेताना एकाने ग्रेसला विचारले, "वहिनी, ह्यांच्यात बायका किती असतात?" ती म्हणाली, "आमच्याकडे एकच. तीही कंटाळलीय."

त्याच सभेत, मतदानाआधी, विद्यमान अध्यक्षांच्या हस्ते मला मानपत्र मिळायचे आहे. मी गप्प का आहे, याचे दुसरे कारण मला शोधूनही सापडत नाही.

कलम ६. सबब, माझ्या मृत्यूनंतर कलम ५ मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावे, व पुढील निवेदन जोडावे: इग्नेशियसला खुर्चीही हवी होती आणि अलीमियाँसारख्यांना घरी पाठवण्याचा अधिकारही. दोन्ही खरे. माणसाच्या पोटात एका वेळी एकच हेतू मावतो, असे मी धरून चाललो.

दुरुस्ती (स्वहस्ते). वरील कलम ६ रद्द करत आहे. कारण असे की, साक्षीदार शरीफ काझी, मत्रहच्या सूकमधले, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातले, दुकानदार, वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. कलम ६पाशी त्यांनी चष्मा काढला.

"काय ओ भटजी, म्हंजे तुम्ही मंगळवारी गेलात तर हे वाचायचं?"

"हो."

"नि मतं शुक्रवारी."

शरीफ यांच्या पत्नी खुदेजाभाभींनी विचारले, "नि हे जगले तर?"

"तर कागद कपाटात," शरीफ म्हणाले. "ह्यांचं ऑपरेशन चांगलं झालं की मेला बिचारा इग्नेशियस."

मी पेन उघडून कलम ६वर रेघ मारली.

कलम ५ची प्रत काढून खिशात ठेवली आहे. शुक्रवारी साडेचार वाजता, मानपत्राआधी, मी ती उभा राहून वाचेन. नंतर मानपत्र देतील असे वाटत नाही. इग्नेशियसला कळवलेले नाही. कळवले तर तो नको म्हणेल आणि मी लगेच ऐकेन. त्याने माफ करावे अशी अट यातल्या कोणत्याही कलमात नाही. बाकीची कलमे कायम.

स्थळ: माबेला, मस्कत
दिनांक: बुधवार, १४ नोव्हेंबर २००७

(सही) दिगंबर वासुदेव आठल्ये

साक्षीदार:
१. (सही) शरीफ काझी. कलम ६ माझ्यासमोर खोडले. सभेला मी पुढच्या रांगेत बसणार आहे. हे न वाचता खाली बसले, तर मी उठून वाचीन.
२. (सही) खुदेजा शरीफ काझी. वरीलप्रमाणे.