वर तीन मजले

लातूर, १२ मार्च १९९७

आईच्या पायावर कालिंदाचं डोकं.

मी बरी हाय. जेवणखाण टायमावर हाय. भूकंपात भिंतीखाली गेलेल्या पायाचं सर्टिफिकेट कॉलेजात दाखवलं. सरांनी खटपट करून मला परीक्षेसाठी तळमजल्याची खोली दिली. म्हणाले, "आता जिना चढायचं कामच न्हाई." मी हाव म्हणाले.

काल खोली बघून आले. वर तीन मजले हायेत गं. बाकावर बसले अन् तोंडात माती आल्यासारखं झालं. तशीच उठून भिंत धरत बाहेर आले.

मला सायकलस्टँडच्या पत्र्याखाली बसवा, ऊन लागलं तरी चालंल, असं उद्या सरांना सांगणार हाय. हसतील का?

तू अजून नव्या घराबाहेरच झोपतेस ना? आत जा म्हणून आता मी रागावणार न्हाई.

तुझी कालिंदा