महिपतने गुडघ्यासाठी घेतलेली गोळी

महाड, श्रावणातला दुसरा सोमवार

चिरंजीव ओंकार यास आत्याचे उदंड आशीर्वाद.

तू घरच्या सगळ्यांचे फोन घेणं बंद केलंस, माझाही, म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच पोस्टाचं पाकीट आणलं. मी बरी आहे. गुडघे माझेही दुखतात, पण त्यासाठी मी दुसऱ्याच्या बॅगेत हात घालत नाही. तुझी प्रकृती उत्तम असणार, कारण तू वेळच्या वेळी तपासणी करून घेतोस. आपल्या घराण्यात असा दुसरा माणूस झाला नाही. गणपतीला तू घरी येणार की नाही, एवढंच विचारायला हे पत्र आहे. बाकीची सगळी मनातली मळमळ.

शिमग्यात तू रागाने निघून गेलास तेव्हा तुला हकिकतीचं शेपूटच दिसलं होतं. आंबेनळी घाटाखालच्या आपल्या वाडीचा जुना नियम असा, की मुंबईहून आलेल्याची बॅग म्हणजे गावाचं औषधाचं दुकान. (दुकानदार निदान चिठ्ठी मागतो.) तू पालखीपुढे नाचत होतास तेव्हा तुझ्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, महिपतने, तुझ्या बॅगेतली गोळ्यांची बाटली बाहेर काढली. वरचं इंग्रजी वाचता येत नाही असं कबूल करील तर तो महिपत कसला. गोळी मोठी म्हणजे गुण मोठा, एवढ्या अभ्यासावर त्याने एक गिळली आणि एक शेजारच्या चंदूला दिली. सकाळी दोघे अंगणात उठाबशा काढून एकमेकांना दाखवत होते. (गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते ठाऊक होतं, गाढव तो गूळ गुडघ्यावर घेतं हे नवीन.)

मग आणखी गोळ्या मिळतात का बघायला चंदू बाटली घेऊन पोलादपूरला औषधवाल्याकडे गेला. तो म्हणाला, ही एचआयव्हीची गोळी. झालं. दुपारपर्यंत वाडीत तुला रोग झाला, आणि संध्याकाळपर्यंत गोळी गिळून त्या दोघांनाही झाला. चंदू ओटीवर आडवा पडून बायकोला सांगत होता, "गुडगा बरा झाला गो, पन मी काय आता वाचत नाय." सुंदराबाई म्हणाली, "मंग म्हशीला वैरन घाल नि मर." साऱ्या वाडीत शहाणी तेवढी तीच.

आणि तू आलास तर तुझं ताट वेगळं, पडवीत. तू नीट समजावलंस, की ही रोग झालेल्याची गोळी नाही, होऊ नये म्हणून आधीच घेतात, तीही तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितल्यावर. ऐकतो कोण. "रोग नाय तं गोली कशाला?" असं महिपतने विचारलं. हाच महिपत पुराच्या साली माझ्या घरातला चिखल उपसायला आला होता, तेव्हा अंगात ताप नसताना पुरानंतर पसरणाऱ्या लेप्टोच्या तापाची गोळी रांगेत उभं राहून घेतली आणि वर चंदूसाठी एक मागितली. तेव्हा कुणी त्याला पडवीत बसवलं नाही. उंदराच्या मुतापासून जपणारा शहाणा, आणि आमचा ओंकार जपतो तो बदनाम. (माझ्याबरोबरच्या एक निवृत्त बाई म्हणाल्या, पुराची गोष्ट वेगळी. वेगळी ती एवढीच, की त्या गोळीला नाव ठेवायला त्यांना कुणी सापडलं नाही.) तू का घेतोस हे मी विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, चहा ठेवीन. सणाच्या दिवशी तू उपाशी गेलास याचं मात्र मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

तू गेल्यावर हे दोन वीर रक्त तपासायला माझ्याकडे महाडला आले. दवाखान्यात चंदू ओळख लपवायला तोंडाला टॉवेल गुंडाळून बसला, त्यामुळे जे त्याच्याकडे बघणार नव्हते त्यांनीही बघून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळीने रोग होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, आणि दुसऱ्याचं औषध गुडघ्याला घेणारे इथे आजवर आले नव्हते. दोघांच्याही रक्तात काही निघालं नाही. चंदू पेढे घेऊन गेला. महिपत एसटी स्टँडवर त्याच्यापासून लांब जाऊन बसला. घाबरट, हेकट, गाढव माणूस. पोटच्या पोरापेक्षा वाडी काय म्हणेल याची ज्याला जास्त काळजी, त्याने बाप व्हायलाच नको होतं.

तर गणपतीला ये. तू नसशील तर मीही वाडीत पाऊल टाकणार नाही.

तुझी,
उज्वला आत्या

ता. क. बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या पाठवत नाही, त्या बऱ्याच हातांतून फिरल्या आहेत. तू नव्या आणल्या असशीलच. मध्ये खंड पडला असेल तर तुझ्या डॉक्टरांना आधी विचार.

आणखी एक. तपासणीच्या हकिकतीनंतर तुझ्या वडिलांना जे काही म्हटलं आहे ते माझं नाही. मी 'भोळा' एवढंच लिहिणार होते. महिपत सकाळच्या गाडीने आला आहे आणि माझ्यासमोर बसून सांगतो आहे. घाबरट त्याचं, हेकट त्याचं, बाप व्हायला नको होतं हेही त्याचंच. "माफी बिफी मना जमत नाय, तू शिव्या लिव," म्हणाला. अजून बऱ्याच होत्या, पण आता त्याला रडू आवरत नाही, म्हणून थांबते. राहिलेल्या तूच येऊन समक्ष घाल.