परागची कॅसेट

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय भावेश,

अनेक आशीर्वाद. बडोद्याला सगळे मजेत असतील. तुझा पत्ता तुझ्या मामांकडून मिळवला. इतक्या वर्षांनी ताईला कुठून आठवण झाली, असं वाटेल. वाटू दे. इकडे ठीक चाललंय. यांची बदली टळली, आमची लेक इशिता कॉलेजात जायला लागली, पाण्याची बोंब आहेच. आई आता बरंच विसरते.

दिवाळीच्या साफसफाईत तुमची ती कॅसेट सापडली. तुझ्या मामांनी लेस्टरहून आणलेल्या कॅसेटवरून तू आणि आमच्या परागने भाईंदरच्या खोलीत उतरवलेली. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे आणि घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. आईला कुकरसुद्धा लावू द्यायचा नाहीत. कव्हरवर परागने वटवाघूळ काढलंय. मी त्याला उंदीर म्हणाले म्हणून दोन दिवस रुसला होता.

इशिताला कोण आनंद झाला. गॉथ रॉक म्हणतात त्या काळोख्या इंग्रजी गाण्यांमधला हा म्हणे फार मोठा अल्बम. तिने माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला. मी हसायच्या तयारीतच बसले. तो विहिरीत तोंड घालून गाणारा माणूस, मागे एकाच सुरात घुमणारी गिटार. मी तेव्हा याला स्मशानातला ऑर्केस्ट्रा म्हणायचे. या वेळी हसू आलं नाही. दोन गाण्यांच्या मधे आपली ती खोली ऐकू येत होती. पंख्याची कुरकुर, माझ्या बांगड्या, कुणीतरी दाबलेला खोकला. आणि बाजू संपताना परागचा आवाज आला: "झालं. आता बोला."

त्याचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही रे. मी ढसाढसा रडले. आई रडली नाही. टेपरेकॉर्डरकडे बघून नुसतं "बरं" म्हणाली.

आईला सांभाळायला तारोडीहून इंदुबाई येतात. आठवड्याभराने त्यांनी मला जिन्यात गाठलं. "आजी कोनाशी बोलतात वो, ताई? टीव्ही बंद हाय, फोन न्हाय. आन् मधीच थांबतात, आयकल्यासारख्या."

संध्याकाळी मी कॅसेट लावली, तर पहिलं गाणंच गायब. टेप खराब झाली म्हणावं, तोवर आईचा आवाज आला. पराग दाबायचा तशी ती प्ले आणि रेकॉर्डची दोन्ही बटणं एकदम दाबते. एवढं मात्र तिच्या लक्षात राहिलंय. गाणी पुसली जातात आणि त्यांच्या जागी आई उतरते. जेवलास का, विचारते. मग थांबते. हो, तुझ्या आवडीचंच केलंय, म्हणते. पुन्हा थांबते आणि हसते. मी बँकेत काम करणारी बाई, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण तिचं ते थांबणं बरोबर समोरच्याच्या उत्तराएवढं असतं. आणि तेवढ्यापुरती टेपची खरखर वाढते, कुणी माइकजवळ आल्यासारखी. मला भीती वाटते, भावेश.

रोज ती थोडी पुढे सरकते. आता शेवटचं एक गाणं उरलंय, आणि त्यानंतर परागचं ते वाक्य. कॅसेटच्या पाठची प्लॅस्टिकची टोकं तोडली की तिच्यावर पुन्हा काही टेप होत नाही, हे तूच शिकवलं होतंस. काल चाकू घेऊन बसले. तोडण्याआधी म्हटलं, आजचं ऐकून घेऊ.

आता ते लिहायलाच हवं. परागने जीव दिला, हे आमच्या घरात अजून कुणी बोलत नाही. "गेला" म्हणतो आणि विषय बदलतो. तेराव्याला तू आलास, तेव्हा आईने तुला दारातच सांगितलं, तुझ्या त्या मेल्या गाण्यांनी माझं पोर खाल्लं. तू खाली मान घालून गेलास, तो आजतागायत.

काल टेपवर आई म्हणत होती, "भावेशला मी फार वाईट बोलले रे." मग बराच वेळ नुसती खरखर. मग ती म्हणाली, "त्याचा काहीच दोष नव्हता?" पुन्हा खरखर. मग रडत रडत, "मग इतकी वर्षं गप्प का राहिलास?" त्यावर ती काय ऐकत होती कोण जाणे, पण शेवटी शांत झाली आणि म्हणाली, "बरं. नीलिमाला सांगते, ती पत्र टाकेल."

महिनाभर आईच्या तोंडून माझं नाव निघालं नव्हतं. आज सकाळी चहाचा कप घेताना तिने विचारलं, "नीलिमा, टाकलंस का पत्र?"

टोकं मी तोडली नाहीत. तोडली तर परागचं ते एक वाक्य वाचेल आणि आईचं बोलणं बंद पडेल. माझ्याने होत नाही. तू ये. ते वाक्य पुसलं जायच्या आत ये. दार आईच उघडेल. पत्र मी लिहिलंय, पण बोलावणं माझं नाही.

निरोप पोचवणारी,
नीलिमाताई