दाराजवळचा पाट

अण्णा, तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, पण माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मुलुंडच्या चाळीतल्या आपल्या दोन खोल्या. सकाळचे साडेनऊ. तुम्ही ऑफिसचे कपडे घालून पाटावर बसलाय, आई वाढतेय. आमटीत मीठ कमी. बस्स, एवढंच पुरायचं. भरलं ताट भिंतीवर! पितळेचा तो आवाज, आणि मग गॅलरीतली सगळी बिऱ्हाडं एकदम गप्प. संध्याकाळी तुम्ही गजरा घेऊन हजर. "चुकलो गं, पुन्हा नाही." माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ. शपथ मोडली की जिच्या डोक्यावर हात ठेवला ती मरते, असं मी शाळेत ऐकलं होतं. आठ वर्षांची मी, देवापुढे बसून पुटपुटायचे, आज अण्णांच्या आमटीत मीठ बरोबर पडू दे. लाज नाही वाटली तुम्हाला? माझ्या जिवावर किती शपथा खाल्ल्यात!

मग एकदा तुम्ही फेकलेल्या ताटातली गरम आमटी माझ्या पायावर सांडली. त्या संध्याकाळी आईने गजरा हातात घेतलाच नाही. "माफी नको आता. ऐकून ऐकून कंटाळा आलाय मला, अहो."

दुसऱ्या दिवशी आम्हाला ताटं आणि तुमच्यापुढे पत्रावळ. फेकली तरी आवाज होणार नाही अशी. मला वाटलं, आता काही खरं नाही. तुम्ही मुकाट्याने जेवलात. दीड वर्ष जेवलात, पाहुण्यांसमोरसुद्धा. कुणी विचारलं तर म्हणायचात, "मला हेच शोभतं."

एका सकाळी आईने तेच पोचे आलेलं ताट तुमच्यापुढे ठेवलं. बराच वेळ तुम्ही त्याला हात लावला नाहीत. त्यानंतर मरेपर्यंत कधी आवाज चढवला नाहीत. लोक म्हणाले, केवढा बदलला माणूस! मी आतून पेटले होते. म्हणजे जमत होतं तुम्हाला! मग पहिल्याच शपथेला का नाही जमलं?

आईने पुन्हा विश्वास ठेवला. मी नाही. जेवताना माझा पाट कायम दाराजवळ, पटकन पळता यावं म्हणून. लग्नानंतर माहेरी आले तरी तिथेच. "इकडे ये ना, माझ्या शेजारी बस," तुम्ही म्हणायचात. मी हलले नाही.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? पण एक कबूल करते. भीती माझी केव्हाच गेली होती, तुम्ही पुन्हा ताटात जेवू लागलात त्याच वर्षी. दाराजवळ बसत होते, ते फक्त मी विसरले नाही हे तुम्हाला दिसावं म्हणून.